तिच्या पायाला जखम नाही

अहो, सुजाताच्या जांघेत गाठ आली आहे.

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच तुमच्याशी बोलायला बसले, आणि सुरुवात ही अशी. गेलेल्या माणसाशी बोलायचं तर लोक आधी आठवण येते म्हणून सांगतात, घर कसं सुनं झालं ते सांगतात. ते सगळं आहेच. खुंटीवरच्या तुमच्या सदऱ्याला तुमची आई मला हात लावू देत नाही, आणि हायस्कुलातली तुमची पोरं रस्त्यात मी दिसले की सायकलवरून खाली उतरतात. पण ते सांगायला मला आज सवड नाही. मला भीती वाटते आहे. नावं ठेवून का होईना, माझी भीती ऐकून घेणारे या घरात तुम्हीच होतात. भित्री म्हणायचात ना, म्हणा आता.

तुमच्यामागे माझ्या बोटांना एक खोड लागली आहे. सुजाताची वेणी घालताना ती आधी तिच्या कानामागे जातात, मग मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली, मग हनुवटीखाली. उवा पाहते म्हणून सांगते. फ्रॉक घालताना काखेत हात जातो, तेव्हा गुदगुल्या केल्यासारखं दाखवते. पोरगी आधी हसायची, आता नुसती उभी राहते. रविवारी दुपारी ती ओसरीवर उताणी झोपली होती. फ्रॉक वर गेला होता, तो सारखा करायला मी वाकले आणि उजव्या जांघेत फुगवटा दिसला. बोट टेकवलं. सुपारीएवढी गाठ होती, बोटाखाली हलत होती.

ती जागी झाली. मी विचारलं, "दुखते का वं?"

"नाई."

"दाबली तरी?"

"नाई म्हनलं ना."

मला काय ऐकायचं होतं ते तुम्हाला सांगायला नको. दुखते म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे तुमच्या फोटोपुढे हात जोडले असते. दुखणारी गाठ ही त्यातल्या त्यात बरी गाठ, हे मी तुमच्या वेळी नागपूरच्या दवाखान्यात शिकले. तुमची कधीच दुखली नाही. "मले काही त्रास नाई," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात, आणि ते खरंच होतं.

आपल्या भागात जांघेत गाठ आली की कुणी गाठीकडे पाहत नाही, पायाकडे पाहतं. अवधाण आलं, पाय दाखव. काटा, खिळा, ठेच, कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट, काहीतरी पायात गेलेलं असतं, पिकलेलं असतं, आणि त्याच्यामुळे वर जांघेत गाठ धरते. पाय बरा झाला की गाठ जिरते. हे लहान लेकरालाही माहीत असतं. म्हणून मी सुजाताला ओट्यावर उजेडात बसवलं, दोन्ही पाय कोमट पाण्यानं धुतले आणि पाहायला लागले. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखांच्या कडा पाहिल्या. टाचेवर कुठे काळं दिसलं की अंगठ्यानं दाबून पाहिलं. तुमच्या आईनं चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. "पोट्टीचे पाय तं लोण्यावानी हायेत," म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.

पायाला जखम नव्हती. असणार कशी? तिच्या चपला तुम्हीच यवतमाळहून आणलेल्या. अनवाणी पायातून जंत शिरतात हे तुम्ही वर्गात शिकवायचात, आणि आपली पोरगी गल्लीत अनवाणी हिंडलेली तुम्हाला खपायची नाही. अख्ख्या गल्लीत एका लेकराचा पाय धड नाही, आणि आपल्या पोरीच्या पायात खोट काढायला जागा नाही. एरवी मी तुमचे आभार मानले असते. त्या दुपारी तिची टाच हातात धरून मी मनात म्हणत होते, असू दे, कुठेतरी एक काटा असू दे, पू असू दे, कितीही मोठी जखम असू दे. लेकरासाठी जखम मागणारी आई तुम्ही कधी पाहिली नसेल.

तुमच्या पायाला मात्र जखम सापडली होती. माझ्या माहेरच्या वावरात तुम्ही तुरी पाहायला म्हणून गेलात आणि धसकट घुसवून घेऊन आलात, ते केव्हाच भरून आलं होतं. घोट्याखाली एक काळसर खूण तेवढी राहिली होती. पुढे कधीतरी अंघोळ करताना गाठ तुमच्या हाताला लागली, आणि माणसाच्या शरीराचे तक्ते घरभर टांगून ठेवणारे तुम्ही, टॉवेल गुंडाळून बाहेर आलात आणि आमच्यापुढे पाय करून म्हणालात, "पाह्यजा बरं, काही हाय का." मी वाकले, तुमची आई वाकली, सुजाताही आमच्या मधातून डोकं घालून वाकली. ती खूण दिसली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तुमच्या आईनं रुईचं पान चुलीवर गरम केलं, त्याला एरंडेल लावलं आणि म्हणाल्या, "अवधाणच हाय. उतरते." तुम्हीही माझ्याकडे पाहून हसलात. जांघेतली गाठ वर्गात पोरांना दाखवता येत नाही, याचंच तुम्हाला वाईट वाटत होतं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याच्या पायाला कधी काही लागलेलं नाही असा माणूस या कापसाच्या मुलखात सापडायचा नाही. शोधायला बसलं की जखम सापडतेच, आणि सापडली की माणूस पुढे शोधत नाही. यात कुणाची चूक होती असं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आधी आला असतात तरी त्यांच्या हातात फार काही नव्हतं. पण ती गाठ इतके दिवस पायाच्या नावावर वाढत राहिली, हे मला विसरता येत नाही.

तुम्ही मला हे सगळं शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं हल्ली रोज एकदा तरी मनात येतं. उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी माझ्यावर चालवून पाहायची तुमची सवय. मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून माझ्या परातीतल्या पिठाचे बारके गोळे ओळीनं मांडता आहात. हा मानेतला, हा काखेतला, हा जांघेतला. अंगभर रक्ताच्या नळ्या असतात तशा दुसऱ्याही बारीक नळ्या असतात, त्यांतून पाण्यासारखी लस वाहते आणि तिच्या वाटेवर या गाठी बसलेल्या असतात. दिग्रसच्या नाक्यासारख्या. कापसाची गाडी आली की नाक्यावर थांबणार, तपासली जाणार, मगच बाजारात जाणार. गाठीत पांढऱ्या पेशी असतात, लसीकापेशी, त्या येणाऱ्या लसीत परकं काही आहे का ते पाहतात. आढळलं की त्या वाढायला लागतात आणि गाठ फुगते. "म्हंजे गाठ हा रोग नाई," तुम्ही म्हणालात, "गाठ म्हंजे मानसं कामावर हजर हायेत."

मी म्हटलं, "आन् नाक्यावरचेच मानसं उगाच वाढत गेले तं? गाडी नाई, बैल नाई, नुसते कारकूनच कारकून?"

"मंग गाव बंद," तुम्ही म्हणालात, हसलात आणि ते गोळे परत पिठात ढकललेत. मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. तसा खरोखरचा आजार असतो हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, हे मी नंतरही विचारलं नाही.

गाठ उतरली नाही. मानेत दुसरी आली. संध्याकाळचा ताप सुरू झाला, पहाटे घामानं अंथरूण ओलं व्हायला लागलं, आणि सदऱ्याची कॉलर तुमच्या मानेला दिवसेंदिवस ढिली होत गेली. तुमच्या आईनं डाव्या बरगडीखाली हात घातला आणि "पानथरी वाढली," म्हणाल्या. आपल्याकडे ते हिवतापाचं लक्षण. तुमच्या लहानपणी निम्म्या गावाच्या पोरांची पोटं तशीच असायची, त्यामुळे तेही सगळ्यांना पटलं, आपल्या दिग्रसच्या डॉक्टरांनाही पटलं. गोळ्या आल्या. त्या रात्रीच्या जेवणाआधी तुम्ही मला पुस्तकातलं चित्र दाखवलंत. पानथरी म्हणजे प्लीहा, तीही याच घराण्यातली, तिच्यातही त्याच लसीकापेशी. सांगताना तुमचं बोट त्या जागेवर जरा जास्त वेळ थांबलं. मी पाहिलं. तुम्ही पान उलटलंत आणि मी ताट वाढलं.

गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. आपण दोघं मिळून नागपूरला गेलो ती ही दुसरी वेळ. पहिली छप्पन्न सालची, धम्मदीक्षेची, लग्न नवीन होतं तेव्हाची. तेवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत तुम्ही सगळ्यांदेखत माझा हात धरलात, आणि घरी आल्यावर तुमच्या आईनं त्यावरून दोन दिवस तोंड फुगवलं. तेव्हा मला कशाचीच भीती वाटली नव्हती, मला, भित्रीला. या खेपेला बसमध्ये शेजारी बसून मी तुमचा हात धरायचा म्हणत होते, आणि यवतमाळ गेलं, वर्धा गेलं, तरी धरला नाही. धरला असता तर तुम्हाला कळलं असतं की माझा हात गार पडला आहे.

मानेतली गाठ काढून तिचा काप त्यांनी काचेवर घेतला. तुम्ही त्या तरुण डॉक्टरला म्हणालात, "मी सायन्स शिकवतो. मले पाहता येईन का?" तो बिचारा गांगरला आणि तुम्हाला आत घेऊन गेला. मी बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही आलात ते चष्मा पुसत.

"पाह्यलं," तुम्ही म्हणालात. "जांभये ठिपके. लय दाट, एकाले एक चिकटून. मधातली रचना पुसून गेली समदी."

"शिनेमा पाह्यला का?" मी म्हणाले.

"असा एक काप आपल्या शाळेत पाह्यजे होता," तुम्ही म्हणालात.

मग परतीच्या बसमध्ये वर्ध्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, ही आजारावर चिडली. मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही एकटे आत जाऊन जे पाहायचं ते पाहून आलात आणि मला बाकावर ठेवलंत. भीती वाटते का, एवढं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुमच्या तोंडून मला खोटं ऐकायचं नव्हतं. तुम्ही खिडकीतून पऱ्हाट्या पाहत राहिलात. तेव्हा त्यांना नुकती फुलं धरली होती. आता बोंडं फुटून कापूस घरात येतो आहे.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, थायमस. तुम्ही वर्षानुवर्षं पोरांना शिकवलंत की हिचं काम कुणाला माहीत नाही. लहानपणी मोठी असते, वय वाढलं की आकसते, झालं. मग कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकात तुम्ही वाचलंत की उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांची ती ग्रंथी काढून टाकली तर त्यांच्या अंगात लसीकापेशी नीट तयारच होत नाहीत, पिल्लं वाढत नाहीत, साध्यासुध्या रोगानं मरतात. दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन तुम्ही पोरांना पुस्तकातली ती ओळ खोडायला लावलीत, आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्लीत. घरी आलात तेव्हा चेहरा असा, जसा काही शोध तुम्हीच लावला. सुजाता समोर गोट्या खेळत होती, तिच्याकडे पाहून म्हणालात, "हिच्या छातीत आत्ता ते केवढी मोठी असन पाह्य." जसा काही तिच्या गळ्यात दागिना घातला होता. मला त्या पिल्लांचं वाईट वाटत होतं, त्यावरून आपलं वाजलं.

पण खरं भांडण पुढचं. तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर मी एकदा रागानं विचारलं, एवढा सगळा बंदोबस्त अंगात असून, गाठी, पानथरी, ती छातीतली, एवढं असून तुमच्या पेशींनाच हे काहून सुचलं? त्यांना घरचं आणि परकं कळतं म्हणता, मग घरच्याच उलटल्या ते कुणाला कसं कळलं नाही? वर्गात उत्तर येत नसलं की तुम्ही पोरांना जे म्हणायचात तेच मला म्हणालात, "उद्या सांगतो." मी म्हटलं, हे शाळेतलं माझ्याजवळ चालायचं नाही. तुम्ही डोळे मिटून हसलात. त्या प्रश्नावर मी अजून अडून बसले आहे. मी शिकवते त्या मुलींच्या शाळेत पाढे घेतानाही तोच डोक्यात असतो.

तर सुजाताची गाठ सापडल्यावर तुम्ही असतात तर मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं. मी गेले नाही. सोमवारी दवाखान्यावरून शाळेत गेले, मंगळवारीही गेले, आणि दोन्ही दिवस त्या दारासमोर पाय भराभरा उचलले. आत शिरलं की दुखण्याला नाव मिळतं, आणि नाव मिळेपर्यंत ते अवधाण असतं. घरी आले की पोरीला न्याहाळायचे. जेवताना ती मांडी घालून बसायची नाही, एक गुडघा उभा करून कलती बसायची. मला त्यातही अशक्तपणाच दिसला. भाकरी अर्धी टाकली की कपाळाला हात लावून ताप पाहायचे. अंघोळीला मला न्हाणीत येऊ देईना, मी आता मोठी झाली म्हणायची. मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायचे, तो थांबला की हाक मारायचे. "काय वं आई," म्हणून ती चिडायची, आणि चिडली की मला जरा बरं वाटायचं.

तुमच्या आईंचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे. छप्पन्न साली ज्या बाईनं घरातले देव स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले आणि वळून पाहिलं नाही, त्या माझ्याजवळ येऊन चोरट्यासारख्या म्हणाल्या, "एक काया दोरा बांधू का पोरीच्या कमरेले? फराकीच्या आतमधी. कोणाले दिसनार नाई."

अहो, मला हो म्हणायचं होतं. गंडेदोरे तोडून टाकताना मी किती तावातावानं बोलले होते ते तुम्हाला आठवत असेल. त्या क्षणी कुणी दोरा काय, साखळदंड बांधतो म्हणालं असतं तरी मी कंबर पुढे केली असती, तिचीही आणि माझीही. मी तिच्या फ्रॉकची घडी घालत बसले. त्या स्वयंपाकघरात गेल्या, थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बुडोलं त्याईले माह्याच हातानं. आता कोन्या तोंडानं बलावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा कळवली आणि सुजाताला म्हणाले, "चाल, डॉक्टरकडं जाऊन येऊ." तिनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

"मी नाई येत."

"नुसतं पाहतीन ते."

"नाई. ते नागपूरले धाडतेत."

"कोनं सांगतलं तुले?"

"बाबाले धाडलं."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिला समजेल असं सांगायला गेले, "बाई, तुह्या पायाले जखम सापडली असती तं जायची गरजच नव्हती. सापडली नाई म्हणून तं जाऊन राह्यलो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला फसवते आहे. "बाबाच्या पायाले तं सापडली होती," ती म्हणाली. "सापडली म्हनूनच तं झालं समदं."

मला समजायला क्षणभर लागला. तिनं पाहिलं ते तिच्या बाजूनं बरोबरच होतं. एके दिवशी बाबांनी पाय पुढे केला, सगळे वाकले, जखम सापडली. सापडल्याबरोबर पानं आली, लेप आले, गोळ्या आल्या, बाबा बसमध्ये बसून नागपूरला गेले, परत आले ते आडवे झाले आणि मग गेले. आठ वर्षांच्या पोरीला त्यातली सुरुवात कुठून दिसणार? मी जखम सापडावी म्हणून जीव टाकत होते आणि ती सापडू नये म्हणून माझी लेक दिवसभर जपून चालत होती. एका घरात, एका ताटात जेवून.

"सुजाता, तुले लागलं हाय का कोठी?"

तिनं फ्रॉक मागून घट्ट धरला. "तू पाह्यशीन तं सापडीन," ती म्हणाली.

मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं. जिनिंग कारखान्याच्या आवारात रचलेल्या कापसाच्या गठाणींवरून पोरी घसरगुंडी खेळतात. गठाणीला आवळलेल्या लोखंडी पट्टीचं टोक वर आलेलं होतं. मांडीच्या मागच्या बाजूला, चड्डीच्या काठाखाली, बोटभर लांब फाटलं होतं. सुजलेलं, लाल, मध्ये पिवळं. त्यावर तिनं सरकीसकट कापूस खोबरेलात बुडवून चिकटवला होता, आणि तो जखमेला असा धरला होता की कोमट पाणी टाकून सोडवताना ती ओरडली. मी पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहत बसले होते. पायाच्या वर माणूस असतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पू दिसला आणि मी हसायला लागले. मला थांबवेना. तुमच्या आई धावत आल्या, पोरगी रडते आहे आणि सून हसते आहे हे पाहून आधी त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मग त्यांनी जखम पाहिली आणि भिंतीला पाठ टेकून खालीच बसल्या.

"गाठ दुखत होती का वं?" मी विचारलं.

"लय," सुजाता म्हणाली. "तू दाबली तवा तं लयच."

डॉक्टरांनी जखम धुतली, आतून गंजाचा कपचा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गाठ चाचपली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, जसं तुमच्या वेळी पाहायचे, आणि तो चेहरा साधाच राहिला. जखम भरली की उतरेल, नाही उतरली तर घेऊन या, म्हणाले. त्यातलं शेवटचं वाक्य ते प्रत्येकालाच सांगत असतील. मी ते घरी घेऊन आले.

गाठ आता बोराएवढी आहे. कमी होते आहे, तुमच्या आईही तसंच म्हणतात. तरी वेणी घालताना माझी बोटं कानामागे जातातच, आणि मला वाटतं ती आता जन्मभर जातील. पोरगी समजूतदार, तिनं आपण होऊन मान वाकवून द्यायला सुरुवात केली आहे. ते मला जास्त लागतं.

आज संध्याकाळी ती ओसरीवर पालथी पडून पाटीवर काहीतरी गिरवत होती. बसायची अजून मनाई आहे. मी शेजारी तांदूळ निवडत होते. तिनं मान न वळवता विचारलं, "आई, माह्यी गाठ जखमेनं आली. मंग बाबाची कोन्या जखमेनं आली होती?"

"बाबाले जखमच नव्हती," मी म्हणाले. "पायाची ते जुनी होती. भरलेली."

"मंग तुमी समदे कायले पाहून राह्यल्ते?"

मी सूप खाली ठेवलं. तुमच्यासारखं उद्या सांगतो म्हणावं असं वाटलं. मग म्हणाले, "भेव वाटत होतं म्हणून."

ती पाटीवर बोट फिरवत राहिली. "बाबाले बी?"

मी हो म्हणाले. ते खोटं असेल तर खोडून काढायला तुम्ही नाही आहात, तेव्हा आता तेच खरं धरून चालायचं. ऐकल्यावर ती सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, तुमच्यासाठी रडली.